वाढत्या अंगाचे जाकीट

दत्तजयंती जवळ आली की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे पाय आपोआप सारंगखेड्याकडे वळतात. तापीकाठच्या त्या यात्रेत घोडा पारखावा तो आपल्या लोकांनीच. दात पाहून वय ओळखतील, चाल बघतील, अंगावरचा एक भोवरासुद्धा नजरेतून सुटू देणार नाहीत. मात्र त्याच घोड्यावर घरातल्या पोराला बसवताना पोराच्या अंगावर काय घालायचे, याचा विचार फारसा होत नाही. आणि ज्यांनी तो केला, त्यांचीही एक चूक हमखास होते. त्या चुकीत मीही एकदा सामील झालो होतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

माझ्या जुन्या रुग्णांपैकी एका शेतकऱ्याने यात्रेतून घोडी घेतली. मुलगा बारा वर्षांचा, घोड्याचे भारी वेड. वडील समजूतदार. त्यांनी शहरातून मुलासाठी हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर मागवला. बॉडी प्रोटेक्टर म्हणजे जाड फोमचे, बिनबाह्यांचे, छाती-पाठ झाकणारे जाकीट. एकदा तापाचे औषध घ्यायला आले तेव्हा कौतुकाने मला दाखवले. पोराच्या अंगात ते घोळत होते.

‘‘डॉक्टरसाहेब, एक माप मोठंच घेतलं. वाढतं अंग आहे, दोन वर्षं तरी पुरलं पाहिजे.’’

मी हसून म्हणालो, ‘‘बरोबर केलंत, भाऊ.’’

शाळेचा गणवेश, दिवाळीचा सदरा, पावसाळी बूट, सगळेच आपण वाढत्या अंगाचे घेतो. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी तेच केले, मी माझ्या मुलांसाठी तेच केले. त्यामुळे माझ्याही डोक्यात वेगळे काही आले नाही.

दोन महिन्यांनी तो मुलगा शेतात घोडीवरून पडला. ढिले जाकीट वर सरकून काखेत गोळा झाले आणि डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या उघड्या पडल्या. नेमका तिथेच बांधाचा दगड लागला. दवाखान्यात आणला तेव्हा पोरगा चालत आला. खरचटण्यापलीकडे वरून काही दिसत नव्हते. ‘‘डॉक्टरकाका, खांदा दुखतोय,’’ म्हणाला. डावा खांदा. पण खांद्याला मारच लागलेला नव्हता. नाडी जलद, चेहरा पांढरा. मी पोटाला हात लावला आणि तसाच गाडीत घालून पुढे पाठवला. सोनोग्राफीत प्लीहेला चीर पडून पोटात रक्त जमलेले निघाले.

प्लीहा, म्हणजे स्प्लीन, डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. तिच्यातून होणारा रक्तस्राव पोटाच्या पडद्याला टोचतो आणि दुखणे जाणवते डाव्या खांद्याच्या टोकाला. मुलगा नशिबाने बिनशस्त्रक्रियेचा बरा झाला. पण त्या रात्री त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, ‘‘जाकीट तर घातलं होतं ना, साहेब?’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मापाचे जाकीट असते तर इजा नक्की टळली असती, असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. मात्र फोम जागेवर असता, तर दगडाचा मार आधी फोमने खाल्ला असता.

जाकीट काय करते, काय करत नाही

या जाकिटातला फोम दाबला जातो आणि आघाताचा जोर पसरवून कमी करतो. त्यामुळे बरगड्या, छाती, पाठ आणि बरगड्यांआडचे यकृत-प्लीहा यांना होणारी इजा सौम्य होते. परंतु घोडाच अंगावर पडला, किंवा मान-कणा पिळवटला, तर जाकिटाचा उपयोग होत नाही. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली अमेरिकेत एका घोडेस्वारी स्पर्धेत पडले. अंगात जाकीट होते, डोक्यावर हेल्मेटही होते. तरी मानेचे मणके मोडले आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. जाकीट ही ढाल आहे, अमरपट्टा नव्हे. जाकिटाच्या भरवशावर नवशिक्या पोराला बुजऱ्या घोड्यावर बसवू नये. आणि डोके उघडे ठेवून नुसते जाकीट घालणे तर व्यर्थच. घोडेस्वारीचे हेल्मेट आधी, जाकीट नंतर.

माप कसे पाहावे

खरेदीआधी शिंप्याच्या टेपने तीन मापे घ्यावीत: छातीचा सर्वांत रुंद भागाचा घेर, कमरेचा घेर, आणि पुढे कमरेपासून खांद्यावरून मागे कमरेपर्यंतची लांबी. नुसते वय सांगून जाकीट मागवू नये. बारा वर्षांची दोन मुले सारख्या अंगाची नसतात. मुली आणि स्त्रियांनी छातीचे माप वेगळे ध्यानात घ्यावे. पुरुषी बेताचे जाकीट त्यांना समोर दाबते आणि बाजूला फटी ठेवते.

आतमध्ये पातळ सुती कपडा असावा. जाकीट घालून सगळे पट्टे लावावेत आणि पाच-दहा मिनिटे तसेच थांबावे. अंगाच्या उबेने फोम मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. मग पट्टे पुन्हा आवळावेत. हिवाळ्यातल्या सकाळी फोम कडक असतो. म्हणून नवे जाकीट घातल्याबरोबर ‘टोचते’ म्हणून परत करू नये, आणि ‘बसले’ म्हणून लगेच पैसेही देऊ नयेत.

आता पुढील गोष्टी तपासाव्यात.

एक, मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड हाताला लागते, तिथपर्यंत पाठीचा भाग पोचला पाहिजे. त्याहून वर गेला तर तो हेल्मेटला मागून ढकलतो.

दोन, पुढचा भाग शेवटच्या बरगडीच्या खाली निदान एक इंच आला पाहिजे. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत घात झाला तो इथेच.

तीन, खोगिरावर बसल्यावर पाठीची खालची कड आणि खोगीर यांच्यात चार बोटे अंतर हवे. जाकीट लांब असेल तर खोगीर त्याला प्रत्येक पावलागणिक वर ढकलत राहते.

चार, दोन्ही खांदे धरून जाकीट वर ओढून पाहावे. ते सहज कानाकडे सरकले तर ढिले आहे.

पाच, वाकून पायाचे अंगठे धरावेत, लगाम धरल्यासारखे हात पुढे करावेत, दीर्घ श्वास घ्यावा. श्वास अडला किंवा काखेत कापले तर घट्ट आहे. अंगाला लागून बसणे वेगळे आणि आवळणे वेगळे. त्रास देणारे जाकीट पोर दुसऱ्या दिवशी खुंटीला अडकवते, आणि खुंटीवरचे जाकीट कोणाचे रक्षण करत नाही.

लेबलवर युरोपीय मानक ईएन १३१५८ आणि ‘लेव्हल ३’ अशी नोंद पाहावी. तीन पातळ्यांपैकी ही सर्वांत वरची, आणि नेहमीच्या घोडेस्वारीला तीच घ्यावी. नुसता फोम शिवलेले स्वस्त जाकीट दिसायला तसेच असते, एवढेच. गॅसने फुगणारी जाकिटेही मिळतात. ती खोगिराला दोरीने जोडलेली असतात आणि पडताना दोरी ओढली गेली की फुगतात. फोमच्या जाकिटावर जोड म्हणून ती ठीक आहेत. पण उतरण्यापूर्वी दोरी सोडायची आठवण ज्याला राहते, त्यानेच ती वापरावीत.

निगा

घामाने भिजलेले जाकीट सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. तसेच ओले घातले की नायटा ठरलेला. उन्हात, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नये, उष्णतेने फोम खराब होतो. जोरात पडल्यावर फोम चाचपावा. पडलेला खळगा अर्ध्या तासात भरून आला नाही, तर ते जाकीट बाद समजावे. एरवीही तीन ते पाच वर्षांत बदलावे. परक्याने वापरलेले घेऊ नये, कारण ते किती वेळा पडले ते आपल्याला कोणी सांगत नाही. वाढत्या मुलाचे माप मात्र दर सहा महिन्यांनी पाहावे. तोकडे झालेले, न पडलेले जाकीट घरातल्या धाकट्याला मापात बसत असेल तर खुशाल द्यावे.

पडल्यावर

पडलेल्याला घाईने उठवून बसवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा शुद्ध हरपली असेल, तर हेल्मेट-जाकीट न काढता, न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. चालता येते म्हणजे इजा नाही, असे नव्हे. पोटात दुखणे, मार नसताना खांदा दुखणे, चक्कर, उलटी, धाप, लघवीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्लीहेचा रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही सुरू होऊ शकतो. तेल लावून बरगड्या चोळून घेऊ नयेत. आणि जखम कितीही लहान असो, धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

तो मुलगा आता पुन्हा घोडीवर बसतो. बरा झाल्यावर त्याचे वडील नवे जाकीट घेऊन दवाखान्यात आले. या वेळी मी मान डोलावली नाही. पोराला स्टुलावर बसवले, वाकवले, खांदे धरून जाकीट ओढून पाहिले आणि शेवटच्या बरगडीखाली बोट लावले. बरोबर एक इंच. ‘‘सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला आणा,’’ म्हणालो.

वाचकहो, सदरा वाढत्या अंगाचा घ्या, बूटही घ्या. जाकीट मात्र आजच्या अंगाचे घ्या, कारण पोर पडणार आहे ते आजच्या अंगाने.