खंडेनवमीचे पूजन आणि इंजिनाची ओळख

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजेच खंडेनवमी, हा आपल्या घरातील आयुधांच्या सन्मानाचा दिवस. पूर्वी या दिवशी तलवार, ढाल, भाला यांना उटणे लागे. पुढे नांगर, विळा, कोयता, हातोडी, लेखणी, तराजू यांना पाटावर मान मिळाला, आणि आता सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सारी वाहने अंगणात झेंडूच्या माळा घालून उभी राहतात. ज्याच्या बळावर आपण पोट भरतो त्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही यामागील भावना. परंतु यंत्राची पूजा म्हणजे केवळ त्याच्या टपाला लावलेले कुंकू नव्हे, हे ज्या प्रसंगाने मला शिकविले तो गतवर्षी नांदूरघाटास आमच्याच अंगणात घडला. सुज्ञ वाचकांना त्यातून काही उपयोगाचे मिळेल, या विश्वासाने तो येथे सांगत आहे.

नांदूरघाट हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील गाव. दसऱ्याच्या सुमारास आमच्या भागात वाहनांची मोठी लगबग असते. ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघावयाच्या असतात, त्यामुळे ट्रक आणि ट्रॅक्टर यांचे तेलपाणी, टायर, ब्रेक पाहण्याची घाई दारोदार चाललेली असते. अशा या गावात आमच्या वाड्याच्या ओसरीलगत एक बुटकी, दोन दारांची, बिनटपाची लाल मोटार ताडपत्रीखाली उभी आहे. गावातील पोरे तिला ‘शर्यतीची गाडी’ म्हणतात. ती माझ्या चुलत्यांची, म्हणजे नानांची.

मूळची ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’. इंग्लंडात १९५९ साली ‘ट्रायम्फ हेरल्ड’ या नावाने ही मोटार निघाली. तिचा आकार इटलीच्या जिओव्हान्नी मिकेलॉट्टी यांनी रेखला होता. मद्रासच्या ‘स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ने १९६१ पासून ती आपल्या देशात बनविली. हिचे वैशिष्ट्य असे, की हिला स्वतंत्र चासी आहे. देहाचा भार चासीवर असल्याने वरचे टप काढले तरी गाडी उभी राहते. याच चासीवर, ती आखूड करून, १९६२ साली ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार उभी राहिली. नाना तेव्हा पुण्यास नोकरीला होते. स्पिटफायरची छायाचित्रे पाहून त्यांनी आपल्या हेरल्डचे टप उतरविले, मागील बैठक काढली आणि ती दोघांपुरती केली. पुढे १९९० नंतरच्या दशकात तिचे मूळ इंजिन थकले, तेव्हा त्यांनी अपघातात मोडलेल्या एका ‘प्रीमियर ११८ एनई’चे इंजिन तिच्यात बसविले.

ही ‘११८ एनई’ कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची, १९८५ साली बाजारात आलेली. तीही एका अर्थी संकराचीच. अंग फियाट १२४ चे, तर इंजिन जपानच्या निसानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. म्हणजे नानांच्या गाडीचा चेहरा इटालियन कलावंताचा, सांगाडा इंग्रजी, जन्म मद्रासचा आणि हृदय जपानी वंशाचे, कुर्ल्याहून आलेले. नाना विनोदाने म्हणत, “हिची पत्रिका कोणत्याच ज्योतिष्याला मांडता यायची नाही.”

गतवर्षी नानांनी ऐंशी ओलांडली. नवरात्रात घट बसले त्या दिवशी ते म्हणाले, “यंदा दसऱ्याला मला या गाडीतून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला नेशील? पुढच्या वर्षीचे कोणी पाहिले?” त्यांच्या स्वरात आर्जव होते. मी तत्काळ होकार दिला. गाडी तीन वर्षे हलली नव्हती. बॅटरी नवी घातली, पेट्रोलची टाकी धुतली, जुने काळेकुट्ट इंजिन ऑईल काढून टाकले. राहिला फक्त ऑईल फिल्टर.

हा फिल्टर म्हणजे काय, हे घरातील मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये ऑईल असते. पंप ते ओढून फिल्टरमध्ये ढकलतो. फिल्टरच्या डब्यात घडीघडीचा कागद असतो. ऑईल कडेच्या छिद्रांतून आत शिरते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडून बेअरिंगांकडे जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या निम्म्या जाडीचे कणही हा कागद बहुतांशी अडवितो. मोटारींच्या आरंभकाळी अशी गाळणी नव्हती, त्यामुळे ऑईल वरचेवर बदलावे लागे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी ‘प्युरोलेटर’ नावाचा फिल्टर काढला आणि इंजिनाचे आयुष्य वाढले. आपल्या स्वयंपाकघरातील गाळणी चहाची चव राखते; ही गाळणी इंजिनाचा प्राण राखते.

जुन्या फिल्टरवर नानांनी हौसेने लाल रंगाचा हात मारलेला होता, त्यामुळे त्यावरील क्रमांक वाचता येईना. मी तो डबा घेऊन सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, “कोणती गाडी?” मी अभिमानाने सांगितले, “हेरल्ड!” त्या बिचाऱ्याने हे नाव ऐकलेलेही नव्हते. त्याने डब्याची जाडी डोळ्यांनी तोलली, फळीवरून तसाच दिसणारा दुसरा काढला आणि म्हणाला, “हा बसावा.” घरी येऊन मी तो फिरविला. बसला! रबरी रिंग टेकली, हाताला घट्ट लागला. अष्टमीच्या सायंकाळी इंजिन सुरू केले, पाच मिनिटे चालविले, आणि समाधानाने ताडपत्री ओढली.

खंडेनवमीच्या पहाटे काकूंनी अंगण सारवून गाडीभोवती रांगोळी काढली. पूजेचे ताट घेऊन त्या आल्या आणि थबकल्या. “अरे, माझ्या रांगोळीवर हा काळा डाग कसला?” मी वाकून पाहिले. पांढऱ्या पाकळीवर ऑईलचा एक थेंब पडला होता. माझ्या देखत दुसरा पडला.

शेजारच्या ट्रॅक्टरचे काम करण्यास आलेल्या मिस्त्रींना हाक मारली. हेरल्डचे बॉनेट पुढच्या बाजूस बिजागरी असल्याने मडगार्डांसकट सबंध वर उचलले जाते. ते उचलून मिस्त्रींनी फिल्टरला हात लावला आणि जेमतेम अर्ध्या फेऱ्यात तो निखळून त्यांच्या हातात आला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. “दादा, याला आटे धरलेलेच नाहीत. नुसत्या टोकांवर अडकला होता. रस्त्यात ऑईलचा दाब चढला असता तर डबा उडाला असता. मिनिटात सगळं ऑईल खाली, अन् इंजिन जाम.”

त्यांनी व्हर्नियर लावून मोजले तेव्हा कोडे उलगडले. इंजिनावरील स्टड पाऊण इंची होता, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचाला १६ आटे. आणलेला फिल्टर २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. इंचाला १६ आटे म्हणजे दोन आट्यांत १.५८७५ मिलिमीटर अंतर. व्यासात फरक एका मिलिमीटरहूनही कमी, आट्यांच्या अंतरात तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी! डोळ्यांना हा भेद दिसत नाही, हातालाही चटकन कळत नाही. मोठे मापाचे आटे लहान स्टडवर सैलपणे सरकतात, रबरी रिंग दाबली गेली की घट्ट झाल्याचा भास होतो, आणि माणूस निश्चिंत होतो. जवळजवळ बसणे आणि खरोखर बसणे यांत जे अंतर होते, त्यात नानांच्या गाडीचे इंजिन जाणार होते. आणि भर रस्त्यात काय झाले असते याचा विचारही नको.

नाना ओसरीवर बसून ऐकत होते. मी खजील होऊन म्हणालो, “नाना, दुकानात मी हेरल्ड म्हणून सांगितले.” ते हसले. “अरे, हेरल्ड तिचे नाव. काम करतो तो आत बसला आहे. नोंदणीपुस्तक काढ.” मोटारीचे इंजिन बदलले तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. नानांनी ती त्या काळीच करून घेतली होती. पुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक होता, आणि इंजिनाच्या ठोकळ्यावरही, काजळी पुसल्यावर, ‘ए १२’ ही अक्षरे दिसली. निसानच्या त्या इंजिनाचे हेच नाव.

येथे मला विराटपर्वातील प्रसंग आठवला. अज्ञातवास संपताना बृहन्नडेच्या रूपातील अर्जुन राजपुत्र उत्तराला शमीवृक्षावर चढावयास सांगतो. गाठोडे सोडताच उत्तर भांबावतो आणि प्रत्येक धनुष्य, प्रत्येक खड्ग दाखवून विचारतो, हे कोणाचे? बृहन्नडा एकेकाची खूण सांगून कोणते आयुध कोणाचे ते ओळखविते. वर्षभर झाडावर ठेवलेली ती शस्त्रे नुसती मिळाली म्हणून भागले नाही. कोणते कोणाचे, हे ज्ञान असल्यावरच ती कामी आली. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो, त्या कथेत ही ओळख पटविण्याची गोष्टही आहे, हे मला त्या दिवशी नव्याने जाणवले.

पुण्यास असलेल्या माझ्या पुतण्यास फोन केला. तो नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात गेला. सणाच्या दिवशी तेथेही दुकानांत पूजा चालल्या होत्या. तेथील एका वृद्ध दुकानदारांनी त्याला पहिलाच प्रश्न केला, “इंजिन कोणते?” गाडीचे नाव त्यांनी विचारलेच नाही. इंजिनाचे नाव, स्टडचे माप आणि रबरी रिंगचा व्यास ऐकून त्यांनी आतून एक डबा आणला, स्वतःजवळच्या पाऊण इंची नमुन्यावर फिरवून दाखविला, आणि मगच पैसे घेतले.

इकडे नवमीची पूजा व्हावयाची ती झालीच. डागाची जागा पुसून काकूंनी पुन्हा रांगोळी भरली. नानांनी गाडीला हळदकुंकू वाहिले आणि सुटे पडलेले इंजिनाचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकून ठेवले. “आज तिला विश्रांती. उद्या बोलेल,” ते म्हणाले.

दसऱ्याच्या पहाटे पुतण्या रात्रीच्या एस. टी. ने केजला उतरला आणि सूर्योदयापूर्वी घरी पोचला. मिस्त्रींनी आपणहून येऊन फिल्टर बसविला. त्यांची पद्धत मी लक्षपूर्वक पाहिली, ती वाचकांसाठी नोंदवितो. प्रथम इंजिनाच्या तोंडावर जुनी रबरी रिंग चिकटून राहिलेली नाही ना, हे त्यांनी बोट फिरवून पाहिले. दोन रिंगा एकावर एक आल्या तर ऑईल हमखास गळते. मग आटे तपासले. फिल्टर बोटांनी सहज, न डुलता, पुष्कळ फेरे आत गेला पाहिजे. दोनतीन फेऱ्यांत अडला किंवा हलविल्यावर खुळखुळला तर तो आपला नव्हे. नंतर रिंगचा व्यास पाहिला, तिची कड सर्व बाजूंनी सपाट जागेवर टेकते की नाही ते पाहिले. त्यानंतर उंची. बदललेल्या गाडीत इंजिन मूळ जागी नसते, म्हणून डबा चासीला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला घासतो का, हे पाहणे अगत्याचे.

आतल्या दोन झडपांविषयीही त्यांनी सांगितले. एक झडप, कागद तुंबला तर ऑईलला वाट करून देते, कारण गाळलेले नसले तरी ऑईल मिळणे हे कोरडे राहण्याहून बरे. हिचा दाब निरनिराळ्या इंजिनांसाठी निरनिराळा असतो, म्हणून माप जुळले तरी इंजिनाच्या नावानेच फिल्टर मागावा. दुसरी झडप, इंजिन बंद असताना फिल्टरमधील ऑईल परत खाली उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही झडप हवीच, नाहीतर दररोज सुरू करताना बेअरिंगे काही क्षण कोरडी फिरतात. शेवटी त्यांनी रिंगला नव्या ऑईलचे बोट लावले, फिल्टर हाताने फिरविला, आणि रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा दिला. पाना लावला नाही. इंजिन सुरू होताच ऑईलचा लाल दिवा विझला. दहा मिनिटे खाली पांढरा कागद अंथरून ठेवला. तो कोराच राहिला. मग मात्र त्यांनी स्वतः नारळ फोडला.

त्या दिवशी नानांचे सीमोल्लंघन झाले. उघड्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले, मांडीवर देवीची ओटी, खिशात आपट्याची पाने. गाडी वेगात धावली नाही, धावण्याची गरजही नव्हती. देवळाच्या अलीकडे गाडी थांबविली तेव्हा नाना उतरले, चाकांपुढे न वाकता थेट बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि मग दर्शनास वळले. परतल्यावर मिस्त्रींच्या हाती सोने देत ते म्हणाले, “तुम्ही तिला ओळखलेत.”

नानांच्या नोंदवहीत आता मी एक पान वाढविले आहे. त्यावर इंजिनाचे नाव, स्टडचे माप, आट्यांची संख्या, रिंगचा व्यास, फिल्टरचा क्रमांक आणि बदलल्याची तिथी लिहिली आहे. ते पान नोंदणीपुस्तकाबरोबर ठेवतो. ज्यांच्या घरी असे जुने, बदललेले वाहन, पाण्याचे इंजिन किंवा एखादे यंत्र असेल, त्यांनीही या खंडेनवमीला फुले वाहण्यापूर्वी असे एक पान लिहून ठेवावे. ज्याने यंत्र जुळविले तो घरातील वडीलधारा माणूस जवळ असेतोच त्याला विचारून घ्यावे, कारण पुष्कळ ज्ञान कोणत्याच पुस्तकात नसते, ते त्याच्यापाशीच असते. आणि पूजेच्या ताटापूर्वी, एकदा रांगोळीकडे वाकून पाहावे.

सर्व वाचकांस विजयादशमीच्या मंगल शुभेच्छा.