द्विसंगीतिकता आणि संगीतशिक्षकाचा कान

निरनिराळ्या संस्कृतींचे संगीत शाळेत शिकवावे की नाही, हा वाद अमेरिकेत तत्त्वतः केव्हाच मिटला आहे. १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील टँगलवूड येथे भरलेल्या परिसंवादाने सर्व काळांच्या, शैलींच्या व संस्कृतींच्या संगीताला अभ्यासक्रमात स्थान असावे, असे घोषित केले. तथापि प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या वृत्तीचा शोध घेताना पुढे एक विसंगती वारंवार आढळली. तत्त्वास त्यांची संमती असते. परंतु ते संगीत स्वतः शिकविण्याचा आत्मविश्वास नसतो. ही विसंगती सद्भावाच्या अभावातून उद्भवते असे मानणे युक्त नव्हे. तिचे मूळ बव्हंशी कानाच्या सवयीत आहे.

भाषेतील दाखला येथे उपयोगी पडेल. मराठी भाषक ‘चार’ व ‘चाक’ यांतील च निरनिराळे उच्चारतो. हिंदी भाषकाच्या हा भेद सहसा ध्यानात येत नाही, कारण त्याच्या भाषेत तो नाही. श्रोता परका ध्वनी आपल्या ध्वनिव्यवस्थेत बसवून घेतो.

संगीतातही असेच घडते. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग असतात. जावा बेटातील गामेलान या वाद्यवृंदाच्या ‘स्लेंद्रो’ व्यवस्थेत सप्तकाचे स्थूलमानाने सारखे असे पाच भाग पडतात. शिवाय प्रत्येक वाद्यवृंदाची जुळणी किंचित वेगळी असते. पियानोवर घडलेल्या कानास हे स्वर बेसूर वाटतात. तेथे मोठ्या घंटेचा आघात आवर्तनाच्या अखेरच्या मात्रेवर पडतो; त्यामुळे पहिल्या मात्रेवर सम मोजणारा मराठी विद्यार्थीही प्रथम अडखळेल.

मँटल हूड यांनी १९६० मध्ये द्वैभाषिकतेच्या धर्तीवर ‘द्विसंगीतिकता’ ही कल्पना मांडली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना गामेलानविषयी केवळ व्याख्याने न देता ते प्रत्यक्ष वाजवावयास लावले. व्याकरण पाठ करून भाषा बोलता येत नाही, हेच तत्त्व यामागे होते.

अध्यापक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. अनेक परंपरांचा धावता परिचय करून दिल्याने माहिती वाढते, कान बदलत नाही. एकाच परक्या पद्धतीचा दीर्घ सराव घडल्यास ‘बेसूर’ म्हणजे पुष्कळदा ‘अपरिचित’ असते, हे शिक्षक स्वानुभवाने जाणतो. हे ज्ञान त्याला नसेल, तर वर्गातील एखाद्या मुलाच्या घरचे गाणे तो सदोष ठरवील. आणि मूल तो निर्णय गाण्यापुरताच मर्यादित आहे असे समजणार नाही.