लघवीतले जंतू आणि मूत्राशयाचं जुनं दुखणं

ओटीपोट दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, आणि युरिन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’. मुंबई असो की डहाणूतलं विवळवेढे, अशा बाईला दोनपैकी एक ऐकावं लागतं: ‘काही नाही, मनाचं आहे’ किंवा ‘जंतू लपलेत, अँटिबायोटिक घ्या’. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत.

निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, असं पूर्वी मानत. २०१२ च्या सुमारास शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी नळीने थेट मूत्राशयातून घेतलेल्या लघवीतही जिवाणू दाखवले. नेहमीच्या कल्चरमध्ये त्यांतले बरेचसे वाढतच नाहीत. घोलवडच्या चिकूच्या वाडीत झाडाखाली गवत असतंच. झाड सुकलं की दोष गवताचाच असतो, असं नाही; मूत्राशयातल्या जिवाणूंचंही तसंच.

मूत्राशय वेदना विकार (जंतुसंसर्ग किंवा दुसरं उघड कारण नसताना सहा आठवड्यांहून अधिक टिकणारं दुखणं) असलेल्यांचे जिवाणू इतरांपेक्षा वेगळे असतात का? काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत अजिबात नाही. या विकारावर दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नये, असं अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनही सांगते.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र विसरू नये. मूत्रमार्गाचा क्षयरोगही साध्या कल्चरमध्ये दिसत नाही. लघवीत पू-पेशी आहेत आणि कल्चर कोरं, तर क्षयाची वेगळी तपासणी डॉक्टरांकडे आवर्जून मागावी. लघवीतून रक्त गेलं, तर थांबूच नये.