मोदक : पोट सुटलेल्या अक्षराची शिस्त

आषाढात तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर मुक्कामी येण्याआधी इथला रस्ता फ्लेक्सने भरून जातो. वारकऱ्यांचं स्वागत, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, नव्या हॉटेलाचं उद्घाटन. निमित्त काहीही असो, धावत्या एसटीतून ते वाचता आलं पाहिजे. त्यामुळे ‘अक्षर जाड पाहिजे’ ही गिऱ्हाइकाची पहिली मागणी असते. पेंटरच्या काळातही ती होतीच. आज फ्लेक्सवाल्याकडे तिच्यासाठी एक तयार उत्तर आहे, त्याचं नाव ‘मोदक’.

‘मोदक’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला देवनागरी आणि रोमन अक्षरांचा फॉण्ट. देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, रोमन नूपुर दात्ये यांची. आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे गिरीश दळवी हेही याच गटातले. अक्षरं आधी हाताने रेखाटली गेली, मग संगणकावर आली. गोल, गुबगुबीत, कुठे टोक नाही. बघणाऱ्याला हा सगळा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे काटेकोर हिशेब आहे.

गोल कडांचं जाड अक्षर जगाला नवीन नाही. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरने 1922 च्या सुमारास ‘कूपर ब्लॅक’ केला आणि जाहिरातवाल्यांनी तो शंभर वर्षं वापरला. पण रोमन अक्षर जाड करणं त्या मानाने सोपं. देवनागरीत वर शिरोरेखा, खाली उकार, बाजूला काना, डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. ‘क’ला दोन्हीकडे पोट, ‘ळ’ला दोन डोळे, ‘झ’ आणि ‘क्ष’ मुळातच गजबजलेले. रेघ जाड करत गेलं की आतली पांढरी जागा आधी बुजते, आणि ती बुजली की ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येत नाहीत.

‘मोदक’ने हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. अक्षराचं अंग जवळजवळ पूर्ण काळं ठेवलं आणि आतली मोकळी जागा केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघांवर आणली. म्हणजे रेखाटायचं ते पांढरं. डोळा काळ्या भागाकडे बघतो, पण अक्षर ओळखतो त्या पांढऱ्या रेघेवरून. ती सगळीकडे सारख्या जाडीची दिसली पाहिजे, नाहीतर एक अक्षर सुजल्यासारखं आणि शेजारचं खंगल्यासारखं वाटतं.

दुसरा पेच वेलांटीचा. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत मोजक्या मापांच्या वेलांट्यांवर भागवावं लागे; अरुंद ‘र’ काय आणि रुंद जोडाक्षर काय, वेलांटी कुठेतरी आखूड नाहीतर लांब पडायची. संगणकावरच्या फॉण्टमध्ये एकाच वेलांटीची अनेक रूपं ठेवता येतात आणि पुढच्या अक्षराची रुंदी पाहून योग्य रूप आपोआप बसतं. ‘मोदक’सारख्या जाड फॉण्टला या सोयीचा मोठा आधार आहे, कारण इथे चुकलेली वेलांटी लपत नाही.

‘मोदक’चा याच गटातला धाकटा भाऊ ‘बालू’ 2016 मध्ये आला. तोही ठसठशीत आणि गोलसर, पण अंगाने हलका आणि नऊ भारतीय लिप्यांत पसरलेला. पंजाबीत तो ‘बालू पाजी’, बंगालीत ‘बालू दा’, तमिळमध्ये ‘बालू थंबी’. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे ‘बालू 2’मध्ये, पाच वजनं (जाडीच्या पायऱ्या) आहेत, ‘मोदक’ला एकच.

दोन्ही फॉण्ट युनिकोडमधले आणि मुक्त परवान्याचे. तालुक्याच्या डीटीपीवाल्याला याचं मोल लगेच कळतं. पूर्वी एका दुकानातला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की अक्षरांचा पार चिवडा व्हायचा, कारण प्रत्येक फॉण्टची सांकेतिक मांडणी निराळी. आता युनिकोडमुळे मांडणी एकच, म्हणून मोबाइलवर टाइप केलेलं नाव तसंच्या तसं फ्लेक्सवर चढतं. फॉण्टला पैसे पडत नाहीत, तो बदलताही येतो. मात्र नुसता फॉण्ट विकायला बंदी आहे.

वापर मात्र जपून करायला हवा. चिकट रेडियममधून अक्षरं कापणाऱ्या दुकानात टोकदार कोपरे आधी उचकटतात, म्हणून गोल कड फायद्याची. पण ‘मोदक’ लहान मापात कापला तर पांढरी रेघच हातात राहत नाही. कागदाचंही तसंच. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळच्या ‘बिल्ट’ या कागद कंपनीच्या कारखान्यात कोटेड कागद बनतो. अशा गुळगुळीत कागदावर शाई पसरत नाही आणि बारीक रेघ टिकते. वर्तमानपत्री कागदावर शाई फाकते, मापही लहान असेल तर अक्षराचा गोळा होतो.

खरी गफलत होते ती शुभेच्छुकांच्या यादीत. शीर्षक शोभून दिसलं म्हणून खालची चाळीस नावंही त्याच फॉण्टात टाकली, की एकही नाव वाचता येत नाही आणि ज्याने वर्गणी दिली तोच नाराज होतो. ‘मोदक’ दोन-तीन शब्दांसाठी आहे: दुकानाचं नाव, बालनाट्याचं शीर्षक, खाऊच्या पाकिटावरचा मथळा. त्याखालच्या मजकुराला साधा, सडपातळ फॉण्ट घ्यावा. फ्लेक्स छपाईला देण्याआधी पंधरा-वीस पावलं मागे जाऊन तो पडद्यावर एकदा वाचावा. तिथून वाचता आला, तरच छापायला द्यावा.