चुलीचा धूर घरात थांबत नाही

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की दिल्लीचं धुरकट आकाश आठवतं, चूल आठवत नाही. ओलं लाकूड किंवा गोवरी धुमसते तेव्हा जळण अर्धवटच जळतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण सुटतात, तेही नाकात न अडता थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख बळी घेतले. हाच धूर कौलांच्या फटींतून निघून गाड्या-कारखान्यांच्या धुरात मिसळतो. त्यातली काजळी हिमालयाच्या बर्फावर बसली की बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो.

‘आमच्या आजीने जन्मभर चूल फुंकली, तिला कुठे काय झालं?’ असं हमखास विचारलं जातं. खोकून खोकून लवकर गेलेल्या आज्यांचा दाखला मात्र कोणी देत नाही. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून कोट्यवधी घरांत गॅस पोचवला, हे काम मोठंच. तरी चुली विझल्या नाहीत, कारण सरपण रानात फुकट मिळतं आणि सिलिंडरला रोख मोजावी लागते. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत होते.