मूळ मोडलेला दात काढण्याची घाई नको

चेन्नई : पडल्याने किंवा चेंडू लागल्याने वरचा पुढचा दात हलू लागला, की तो गेलाच असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात हाडाच्या आत मूळ मोडलेला कायमचा दात पुष्कळदा वाचतो. चेन्नईतील शासकीय दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत त्यावर उपचार होतात. १९५३ साली मद्रास मेडिकल कॉलेजचा दंतविभाग म्हणून त्याची सुरुवात झाली.

मुळाचा भंग बाहेरून दिसत नाही. एकाच कोनातून काढलेल्या एक्स-रेमध्येही तो निसटू शकतो. सरकलेला तुकडा लवकरात लवकर जागेवर बसवून लवचिक तारेने शेजारच्या दातांना ४ आठवडे बांधतात. भंग हिरडीलगत असेल तर हा काळ ४ महिन्यांपर्यंत वाढू शकतो. अशा दाताचे भवितव्यही अधिक अनिश्चित असते.

पहिल्याच भेटीत रूट कॅनाल करू नये, असे आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मार लागलेली नस तपासणीला ३ महिन्यांपर्यंत प्रतिसाद देईलच असे नाही. तेवढ्यावरून ती मृत ठरत नाही. पुढे ती खरोखरच मेली आणि संसर्ग झाला, तर उपचार सहसा भंगरेषेपर्यंतच केला जातो, कारण मुळाच्या टोकाकडील तुकडा बहुधा जिवंत राहतो. त्यानंतरची तपासणी किमान ५ वर्षे चालू ठेवावी लागते.