जंतू ओळखा, जनावर वाचवा



ऐन पेरणीच्या तोंडावर दावणीचा बैल दगावला, तर सारं सालच बुडतं. डॉक्टर रोगाचं कारण सांगतात, आपण नुसती मान डोलावतो. पण त्यांचे चार शब्द समजले, तर पुढचं नुकसान टळतं.

जिवाणू : नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. सगळेच वाईट नसतात; दुधाचं दही करतात तेही जिवाणूच. मात्र घटसर्प, फऱ्या, काळपुळी हे रोग जिवाणूंमुळे होतात. त्यांच्यावर प्रतिजैविक औषध चालतं, पण वेळेत दिलं तरच. गळा सुजून जनावर घोरू लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

विषाणू : जिवाणूंहून फार लहान. जिवंत पेशीत शिरल्याशिवाय ते वाढत नाहीत. लाळ्या-खुरकूत, लम्पी, पिसाळ रोग हे विषाणूंचे. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. लाळ्या-खुरकुतात डॉक्टर ते देतात, ते जखमांत जिवाणू वाढू नयेत म्हणून.

आदिजीव : एकाच पेशीचे जीव. गोचीड तापाचा आदिजीव गोचिडीमार्फत जनावराच्या अंगात शिरतो. म्हणून गोठ्यात गोचीड राहू देऊ नका.

बीजाणू : काळपुळीचा जिवाणू हवा लागली की टणक कवच घेतो. हाच बीजाणू. तो मातीत वर्षानुवर्षं तग धरतो. म्हणून अचानक मेलेल्या, नाका-गुदातून काळपट रक्त आलेल्या जनावराचं कातडं सोलू नका, ते फाडू नका. माणसालाही हा रोग होतो. आधी डॉक्टरांना कळवा आणि त्यांच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

उबवण काळ : जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे दिवस. लाळ्या-खुरकुतात हे साधारण २ ते १४ दिवस. बाजारातून आणलेली गाय आज धडधाकट दिसली, तरी आतून रोग घेऊन आलेली असू शकते. तिला तीन आठवडे वेगळी बांधा. चारा-पाण्याची भांडीही वेगळी ठेवा.

लस : मारलेले किंवा दुबळे केलेले जंतू टोचून शरीराला लढायला शिकवणं. ही ताकद यायला दिवस लागतात, म्हणून साथ येण्याआधीच टोचून घ्यावं. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी.

गोठेच्या गोठे ओस पाडणारा बुळकांडी रोग लसीच्या बळावर जगातून गेला. २०११ साली तसं जाहीर झालं. मग आपल्या दावणीचं एकही जनावर लसीवाचून का ठेवायचं?